पाहुणीचा वर्षावास

आषाढ पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी विहारातल्या सतरंज्या उन्हात टाकायच्या असा आमच्या वस्तीचा नेम आहे, आणि नेमकं त्याच रविवारी ऊन पडत नाही. यंदाही पडलं नाही. आम्ही सात-आठ जणींनी तरीही सतरंज्या गच्चीच्या कठड्यावर घातल्या. भनपुरीच्या कारखान्यांची काळी भुकटी त्यांच्यावर बसली, ती झटकली, आणि पावसाची सर यायच्या आत सगळं पुन्हा खाली नेलं. रायपुरात पावसाळ्यात ओलं काही वाळत नाही आणि वाळलेलं काही पांढरं राहत नाही. त्याची तक्रार आता कोणी करत नाही. हात चालू असतात आणि बाया गुणगुणत असतात.

त्या दिवशी त्या कौसाआत्याचं गाणं गुणगुणत होत्या. तिच्या वहीतलं नववं. शेवटच्या कडव्यातली तिसरी ओळ आली आणि माझा झाडू थांबला. दर वर्षी तो तिथे थांबतो. कोणाच्या लक्षात येत नाही, येण्यासारखं काही नाहीच. ती ओळ सगळ्याजणी अगदी एकसारखी म्हणतात, एकाच जागी वर जातात, एकाच जागी हळूच खाली उतरतात. नवी आलेली सून असो की साठीची बाई असो, फरक नाही. आणि नेमकं तेच मला ऐकवत नाही.

वर्षावास म्हणजे आषाढ ते आश्विन, पावसाचे तीन महिने. पूर्वी या दिवसांत भिक्खू फिरणं सोडून एका जागी राहत. आम्ही नोकरी-संसाराची माणसं एरवी तरी कुठे फिरतो? पण तेवढे तीन महिने रोज संध्याकाळी साडेसहाला विहारात जमतो. वंदना होते, ग्रंथातलं एक प्रकरण कोणीतरी वाचून दाखवतं, आणि शेवटी एक-दोन गाणी होतात. बाहेर पडवीच्या पत्र्यावर पाऊस असला की वाचणाऱ्याचं अर्धं वाक्य ऐकूच येत नाही, पण गाणं पत्र्यालाही भारी पडतं. मुलांना मराठी समजते; बोलायला गेलं की उत्तर हिंदीत येतं. गाणी मात्र ती मराठीत म्हणतात. आमच्या वस्तीत मराठी उरली आहे ती बरीचशी त्या गाण्यांत, आणि ती गाणी माझ्या आत्याची आहेत.

कौसाआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. भंडाऱ्याकडच्या गावातून लग्न होऊन रायपूरला आली; तिचे यजमान रेल्वेच्या कारखान्यात वॅगन दुरुस्त करायचे. चौथीपर्यंत शिकलेली, पण अक्षर मोठं आणि सरळ. तिला मूलबाळ नव्हतं. यजमान गेल्यावर आमच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. तिच्या एका निळ्या वहीत बावीस गाणी होती, सगळी तिची स्वतःची. शब्द लिहिलेले, चाल नाही. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाली, "चाल काय लिवाची? ते तं डोक्यात हाय."

तिचा आवाज गोड नव्हता. जाड होता, आणि वरच्या पट्टीत गेला की त्याच्या कडेला किंचित चिरल्यासारखं व्हायचं, नवं मांजरपाट फाडताना होतं तसं. माईक तिला लागत नसे. आणि ती कोणाची भीड ठेवत नसे. मी अकरा वर्षांची असताना जयंतीच्या कार्यक्रमासाठी तिने मुलींचा कोरस बसवला होता. तिसऱ्या दिवशी तिने मला सगळ्यांसमोर सांगितलं, "पोट्टे, तू नुसतं तोंड हालव. आवाज नको काढू." मी तसंच केलं. त्यानंतर मी चारचौघांत कधी गायले नाही. पुढे सिंचन खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागले, आधी शाई-पेनने आणि नंतर कॉम्प्युटरवर कालव्यांचे नकाशे काढत राहिले. रेषांना आवाज नसतो, मला ते बरं होतं.

मग आत्याच्या घशात गाठ निघाली. हिवाळ्यात ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. श्वास घ्यायला गळ्याच्या खालच्या बाजूला कायमचं भोक ठेवलं होतं, त्यावर ती पांढऱ्या मलमलचा तुकडा बांधायची. नुसता आवाज गेला असता तर एक होतं. तिला गरम चहावर फुंकर घालता येईना, कारण तोंडातून वाराच येत नव्हता. बशीत ओतून ती निवायची वाट पाहत बसे. बोलायचं असेल तर पाटी-पेन्सिल. मी छान पांढरा बोर्ड आणि मार्कर आणून दिला होता, तो तिने एका दिवसात परत केला. पाटीवर लिहिलं, "याचा वास डोक्यात जाते." खरं तर तिला आता वासही नीट येत नव्हता. पण पाटी तिला हवी होती आणि भांडणही हवं होतं, एवढं मला कळलं.

त्यानंतरचा जो वर्षावास आला, तो मला सांगायचा आहे.

पहिले पंधरा दिवस ती विहारात रोज आली, भिंतीला टेकून बसली. पावसाचं पाणी गळ्यातल्या भोकात जाऊ नये म्हणून छत्री अगदी खाली धरून चालायची. दुरून नुसती छत्रीच चालत येताना दिसे. बाया तिची गाणी म्हणत होत्या, पण तीस-तीस वर्षं तिच्या मागे म्हटलेल्या बायांना पुढे कोणी नसताना चाल सापडेना. प्रत्येकीची वेगळी. कोणी मोबाइलवरच्या एखाद्या गाण्याच्या अंगाने वळण घ्यायची, कोणी अवघड जागा गाळून पुढे जायची. देवकाबाई, आत्याच्या शेजारी बसून आयुष्यभर टाळ वाजवलेली तिची मैत्रीण, मध्येच थांबून म्हणाली, "अवं, हे तं कौसाचं गाणंच नाही राहिलं."

त्या दिवशी घरी येताना आत्या छत्री विसरली. मी मागून पळत जाऊन तिच्या गळ्यावर हात धरला, तेव्हा हाताला तिचा उष्ण श्वास लागला. ती रडत होती आणि त्याचा काहीच आवाज येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाटीवर एकच वाक्य होतं. "मी मेल्यावर गाणी मेली तं चालते, पण मी पाहून राहिली अन् ते मरून राहिले."

जुनी रेकॉर्डिंग शोधली. एक कॅसेट निघाली, तिच्यात तीन गाणी. मोबाइलवरचे पाच-सहा व्हिडिओ, त्यांत ढोलकी, टाळ आणि लहान पोरांचा गलका. आत्या त्या सगळ्याच्या पलीकडे कुठेतरी. बावीसपैकी एकोणीस गाण्यांची चाल फक्त तिच्या डोक्यात होती, आणि तिथून बाहेर यायची वाट बंद झाली होती.

माझी मुलगी प्रज्ञा बंगळूरला नोकरी करते. फोनवर मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "मम्मी, एक सॉफ्टवेअर आता है. तुम सुर लिखो, बोल लिखो, वो गाता है. सच में इंसान जैसा गाता है." मी म्हटलं, मला सूर लिहिता येत असते तर काय हवं होतं. तर म्हणाली, "लिखना नहीं है, ड्रॉ करना है. नक्शे जैसा."

तिने माझ्या कॉम्प्युटरवर ते दुरूनच बसवून दिलं. पडद्यावर डाव्या बाजूला पेटीच्या पट्ट्या उभ्या रचलेल्या, आणि समोर पसरलेला चौकटींचा कागद. ज्या सुराच्या रांगेत आडवी पट्टी काढाल तो सूर. पट्टी जेवढी लांब तेवढा वेळ. पट्टीवर अक्षर लिहायचं. आणि एका सुरातून दुसऱ्यात घसरायचं असेल तर एक बारीक रेष हवी तशी वाकवायची. मी ती रेष पाहिली आणि मला माझं पूर्ण नोकरीचं आयुष्य आठवलं. पाणी किती उतारावरून न्यायचं, कुठे वळवायचं, कुठे थोडं थांबवायचं.

आम्ही रविवारी दुपारी आणि रोज ऑफिसातून आल्यावर विहाराची वेळ होईपर्यंत बसू लागलो. नव्या रायपूरहून येणारी बस तेलीबांध्याला अडकली की मला उशीर व्हायचा, आणि आत्या दारात पाटी धरून उभी असायची: "काहून उशीर?" विहारातून एक जुनी पेटी आणली होती. आत्या पेटी वाजवणारी नव्हती. पण डाव्या हाताने भाता ओढत उजव्या हाताच्या एका बोटाने सूर शोधायची. सापडला की मान हलवायची, मी पट्टी काढायची. पण पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे जे असतं, ते पेटीत नसतं. तिथे ती बोट उचलायची आणि हवेत हाताने दाखवायची. हात कसा जातो, कुठे जड होतो, कुठे सुटतो. मी तो हात पाहून रेष वाकवायची, मशीन गायचं, आत्या मान हलवायची किंवा माझ्या दंडावर चापट मारायची. एका ओळीला कधी दोन दिवस लागत.

मशीनमधला आवाज एका हिंदी मुलीचा होता. गोड, स्वच्छ, सांभाळून गाणारा. पहिलं पूर्ण झालेलं ध्रुवपद होतं:

काळ्या मातीवं पावलं, पावलामंदी पाणी,
ज्याचं त्यानं चालावं, मागं-पुढं ना कोनी.

मशीन गायलं, "काल्या मातीवं." आत्याने पेटीचा भाता धाडकन बंद केला. पाटीवर "ळ" एवढा मोठा लिहिला की पाटी भरली.

त्या आवाजाकडे ळ नव्हता. प्रज्ञाला विचारलं तर ती म्हणाली, उस दीदी की लैंग्वेज में होगा ही नहीं, तो रिकॉर्ड कैसे करती. मला तोवर वाटत होतं की हा आवाज कॉम्प्युटरने कुठूनतरी तयार केला असेल. मग कळलं की खरोखरची कोणी बाई होती. कुठल्यातरी बंद खोलीत बसून तिने कित्येक दिवस अक्षरं आणि गाणी वेगवेगळ्या सुरांत गायली होती, आणि त्यावरून मशीन आता काहीही गाऊ शकत होतं. मी हे आत्याला सांगितलं. तिने पडद्याकडे पाहिलं. मग पाटी घेतली.

"तिले माहीत हाय का, ते इथं गाऊन राहिली?"

"नसेल," मी म्हटलं. "तिला सगळंच कसं कळेल?"

"पैसे देले असन. पण इचारलं असन का, कोनाचं गाणं गाशीन?"

त्या दिवसापासून आत्याने तिचं नाव पाहुणी ठेवलं. आमच्याकडे वर्षावासाला आलेली पाहुणी. "पाहुणीले ळ शिकवा लागते" असं पाटीवर येऊ लागलं. मी चार दिवस झगडून ड आणि ल यांचे बारीक तुकडे एकमेकांत अडकवून तिच्याकडून एक ळ काढून घेतला. फार चांगला नव्हता, परक्या माणसाच्या तोंडून येतो तसा होता. आत्याने तो पुन्हा पुन्हा ऐकला, आणि परक्या माणसाचं जसं आपण कौतुक करतो तसं मान डोलावून तिचं कौतुक केलं.

श्रावणाच्या पावसात रस्त्याच्या कडेला जंगलातून आलेल्या बायका पुटूच्या अळंब्या विकायला बसतात. कारखान्यांच्या मागे जिथे अजून शेतं आहेत तिथे भाताची रोवणी संपत आलेली असते. तीजेला, म्हणजे हरतालिकेला, अर्ध्याअधिक छत्तीसगढी शेजारणी माहेरी जातात, आणि वस्ती एकदम शांत होते. त्या शांत आठवड्यात आम्ही आठवं गाणं संपवलं. त्यातली एक जागा काही केल्या जमत नव्हती. आत्याचा हात वर जायचा आणि तिथून खाली न येता नुसता थरथरायचा. मी तीनदा काढलं, तीन चापटा खाल्ल्या. मग मी तिचा हात न पाहता डोळे मिटले आणि लहानपणी जयंतीच्या मंडपात ती जागा कशी ऐकली होती ते आठवायचा प्रयत्न केला. रेष काढली. पाहुणी गायली. आत्याची चापट आली नाही.

तिने पाटी पुसली. मलमलच्या तुकड्याने पुसली, हे मला तेव्हाही विचित्र वाटलं. गळा उघडा ठेवून बसली होती. लिहिलं, "तुहा कान चांगला हाय. गळा खराब हाय. मी तवा दोनी एकच समजली."

बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं झाली होती. मला वाटत होतं ती विसरली असेल. मी चहा ठेवायला उठले, आणि आतल्या खोलीत बराच वेळ दूध शोधत राहिले. दूध समोरच होतं.

भाद्रपदात प्रज्ञाचा फोन आला. आजीची ती कॅसेट आहे ना, त्यावरून आजीचाच आवाज बनवता येईल, म्हणाली. पाहुणीच्या जागी आजी गाईल. मी कॅसेट उतरवून पाठवली होती, त्यावरून तिने दोन ओळी करून पाठवल्या. मी आत्याला आधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. एका रविवारी दुपारी नुसत्या लावल्या.

तीच आत्या. तोच कडेला चिरलेला आवाज. कॅसेटमध्ये जे गाणं कधी नव्हतंच, त्या चौथ्या गाण्याच्या दोन ओळी ती गात होती. ळ सुद्धा तिचा. आत्याने बोटाने खूण केली, पुन्हा. पुन्हा लावलं. मग ती उठली, मोरीपाशी गेली, नळ सोडला आणि वाहत्या पाण्याखाली हात धरून उभी राहिली. मी मागे गेले नाही. पाच मिनिटांनी आली, पाटी घेतली.

"पाहुणीच बरी."

"काहून?" मी विचारलं. मला राग आला होता, कोणाचा ते माहीत नाही. "इतका तुह्यासारखा आवाज. सगळ्यांना आनंद होईल."

तिने सावकाश लिहिलं. पाटी छोटी पडली म्हणून दोनदा पुसून लिहिलं. "माह्या आवाजात आयकलं तं बाया रडत बसतीन. शिकनार नाही. मले शिकवाचं हाय."

मी वाद घातला. म्हटलं, विहारात रोज आपण काय वाचतो? सगळं अनित्य आहे. मग आवाज गेला तर जाऊ दे म्हणतेस, आणि चालीसाठी एवढी का झटतेस? तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुन्हा अकरा वर्षांची झाले.

"भात बी अनित्यच हाय," तिने लिहिलं. "रोज शिजवतेस न?"

त्या दोन ओळी मी पुसून टाकल्या. प्रज्ञालाही पुसायला सांगितलं. ती म्हणाली, "हव, डिलीट कर दिया." नंतर कितीदा तरी वाटलं की एक प्रत ठेवायला हवी होती. पण ज्याचा आवाज आहे तो जिवंत बसून नको म्हणत होता. पाहुणीला कोणी विचारलं की नाही, हा प्रश्न जिने केला होता, तिचं तरी म्हणणं मी पाळायला हवं होतं.

झालेली गाणी मी एक-एक करून बायांच्या मोबाइलवर पाठवू लागले. विहारात मशीन लावायचं नाही, असं आत्याने पहिल्यापासून ठरवलं होतं. घरी ऐका, इथे म्हणा. बाया पोळ्या लाटताना, कपडे पिळताना पाहुणीला ऐकू लागल्या. सुरुवातीला हसल्या. देवकाबाई म्हणाली, "हे पोट्टी तं शहराची दिसते, ळ कसा म्हणून राहिली पाह्य." पण हळूहळू विहारात गाणं एका जागी यायला लागलं. अवघड जागा गाळणाऱ्या बाया आता तिथे सावध होऊन पुढे जात. आत्या भिंतीला टेकून बसायची, हाताने ताल धरायची. एके दिवशी पूर्ण गाणं जसंच्या तसं झालं, तेव्हा तिने दोन्ही हात जोडून बायांना नमस्कार केला. बाया घाबरल्याच. कौसाबाईने कधी कोणाला नमस्कार केला नव्हता.

आश्विन लागला तेव्हा तिचं दुखणं उलटलं. डॉक्टर म्हणाले आता ऑपरेशन नाही. पेटीचा भाता तिला ओढवेना. मी ओढायची, ती बोट ठेवायची. मग बोटही जड झालं. वहीतलं नववं गाणं आम्ही मागे ठेवलं होतं, कारण ते तिचं सगळ्यात लाडकं आणि सगळ्यात कठीण. त्याचं शेवटचं कडवं राहिलं होतं. त्यातल्या दोन ओळी तिने खाटेवर पडून हाताने दाखवल्या. तिसरी ओळ होती,

नदीले कोनी पुसत नाही, तुहं गाव कोनतं.

त्या ओळीसाठी तिने हात उचलला आणि तो तसाच पांघरुणावर पडला. झोप लागली होती. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं.

मी ती ओळ काढली. मला ती आठवत नव्हती. आठवायचा खूप प्रयत्न केला, पण त्या ओळीपाशी माझा कान कोरा होता. मग मी नकाशा काढणाऱ्या बाईने जे करावं तेच केलं. आधीच्या ओळीचा शेवट आणि पुढच्या ओळीची सुरुवात, या दोन बिंदूंमध्ये मला जो उतार बरा दिसला तो जोडला. थोडं वर, मग हळूच खाली. दिसायला फार सुरेख रेष होती. पाहुणी गायली, आणि ऐकायलाही सुरेख वाटली.

दवाखान्यात मी मोबाइल आत्याच्या कानाशी धरला. पूर्ण गाणं लावलं. ती डोळे मिटून ऐकत होती. तिसरी ओळ आली तेव्हा तिचा हात चादरीवरून दोन बोटं उचलला गेला आणि डावीकडून उजवीकडे हलला. पाटी घरी राहिली होती. मी विचारलं, "आत्या, बरोबर आहे? की चुकलं?" तिने डोळे उघडले नाहीत. हात तसाच एकदा पुन्हा हलला. हो म्हणाली, नाही म्हणाली, नुसता ताल धरला की माशी हाकलली, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही माहीत नाही.

आश्विन पौर्णिमेला विहारात नववं गाणं म्हटलं गेलं, माझ्या ओळीसकट. आत्या त्यानंतर बारा दिवसांनी गेली. कॅसेटमधली तीन धरून बावीसपैकी सोळा गाणी झाली होती. सहा तिच्याबरोबर गेली.

तेव्हापासून हा तिसरा वर्षावास. दर वर्षी ती ओळ जास्त पक्की होत गेली. गेल्या वर्षी एका तरुण सुनेने भाषण करताना सांगितलं की कौसाबाईंची खरी ओळख नदीच्या ओळीत आहे, काय वळण घेतलंय त्यांनी. टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या. नकाशात माझी चूक निघाली तर खाली लाल शाईने लिहून सही करायची आमची शिस्त आहे, आणि इथे मी टाळ्या वाजवत होते.

म्हणून यंदा, त्या सतरंज्यांच्या रविवारी, मी झाडू खाली ठेवला आणि सांगून टाकलं. सगळ्यांना. ती ओळ आत्याची नाही, माझी आहे. मला आठवत नव्हती, मी अंदाजाने काढली. तिने पसंत केली की नाही मला माहीत नाही. बाया सतरंज्या हातात धरून उभ्या राहिल्या. ती तरुण सून म्हणाली, "मतलब तीन साल से हम गलत गा रहे हैं?"

मग देवकाबाई बसली होती तिथूनच म्हणाली, "तिथं तं कौसा दर खेपेले येगळंच म्हने."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजे काय? तिले जसं वाटन तसं. कधी वर जाय, कधी सरळ, कधी अर्ध्यातच सोडून दे अन् आमच्याकडं पाहे. मी टाळ धरून वाट पाहो, आता काय करते म्हनून. पक्कं नव्हतंच तिथं काही."

"मग तुम्ही इतके दिवस बोलल्या का नाही?"

"मले कोनी इचारलं?" देवकाबाई म्हणाली. "अन् मले वाटलं, मशीनमंदी एकच मावत असन."

ती हे खरं सांगत होती की माझी मान खाली गेलेली पाहून बोलली, याचा मी खूप विचार केला. देवकाबाई मनाने मऊ आहे. पण खोटं बोलताना ती माणसाकडे पाहत नाही, आणि ती माझ्याकडे पाहत होती. मी तिला विनवलं की त्यातली एखादी तरी म्हणून दाखवा. तिने दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा माझ्याच ओळीवर येऊन थांबली. "आता हेच बसलं तोंडात," ती ओशाळून म्हणाली.

त्या संध्याकाळी मी कॉम्प्युटर लावला आणि नववं गाणं उघडलं. पट्ट्या तशाच होत्या, खाली अक्षरं, वर माझी ती सुरेख रेष. जी जमीन मोजलेली नसते ती नकाशात कोरी ठेवायची असते. अंदाजाने उंची-सखल दाखवायची नसते. हे मी नोकरीत नव्या पोरींना शिकवत आले. मी ती ओळ निवडली आणि पुसली. गाण्याखाली मी घातलेला ढोलकीचा ठेका राहू दिला. मग ते गाणं पुन्हा सगळ्यांना पाठवलं आणि खाली लिहिलं: इथे पाहुणी थांबते. ज्याची त्याने ओळ म्हणावी.

आषाढ पौर्णिमेला विहार भरला होता. वंदना झाली, पहिलं प्रकरण वाचून झालं. बाहेर पाऊस होता, फार नाही. नववं गाणं सुरू झालं. शेवटचं कडवं आलं, दुसरी ओळ संपली, आणि पुढे काय करायचं हे कोणाला कळेना. दोन ठोके नुसतेच गेले. मग कोणीतरी जुन्या सवयीने वर गेली. देवकाबाई सरळ राहिली. त्या तरुण सुनेने मध्येच कुठेतरी श्वास घेतला आणि उशिरा निघाली. चाळीस-पन्नास बायांची ती एक ओळ चाळीस-पन्नास वाटांनी गेली, ऐकायला फार काही चांगली नव्हती, दोघीजणी हसल्याही. मला तर काय म्हणायचं तेच सुचलं नाही. ओळ संपली. चौथ्या ओळीच्या पहिल्या अक्षरावर सगळ्याजणी पुन्हा एका जागी आल्या, आणि गाणं पुढे गेलं.